रुमालाची गाठ सोडण्याआधी

जुने कागद ज्या लाल खारव्याच्या, म्हणजे जाड सुती कापडाच्या, गाठोड्यात बांधलेले असतात त्याला रुमाल म्हणतात. त्याची गाठ सुटली, की टेबलावर आधी वाळू पडते. बारीक, काळसर, मधूनच चमकणारी. ओली शाई टिपण्यासाठी कुणा कारकुनाने दीड-दोनशे वर्षांपूर्वी ती शिंपडलेली असते आणि घडीच्या आत ती तशीच बसून राहिलेली असते. अशा वेळी तोंडाने फुंकर मारायचा मोह आवरायला हवा. मोडी कागदावरची शाई काजळ आणि डिंकाची. काजळाचा काळेपणा उन्हाने उडत नाही, पण त्याला कागदावर धरून ठेवणारा डिंक पाण्यात विरघळतो, आणि फुंकरीत पाणी असतं. रुंद, मऊ केसांचा ब्रश घ्यावा, कागदाच्या मध्यापासून कडेकडे हलक्या हाताने फिरवावा. हात धुऊन कोरडे करून घेतले की पुरे. सुती हातमोजे फोटोंसाठी ठीक. जुन्या कागदाला ते वाईटच, कारण बोटांना कडेची चीर कळत नाही आणि मोज्याचा धागा तिच्यात अडकून ती वाढते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ज्या घराकडे कुलकर्णीपण होतं, पाटीलकी होती, देवस्थानचं इनाम होतं किंवा चार गावांची पेढी होती, त्या घराच्या माळ्यावर असा एखादा रुमाल हमखास असतो. परगणा आणि कुलकर्णी वतनं मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने संपवली. वतन गेलं, दप्तरातलं बरंचसं घरातच राहिलं. मग वाटण्या होतात, जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरतं, आणि माळा रिकामा करताना प्रश्न पडतो की याचं करायचं काय. रद्दीवाल्याला द्यायचं मन होत नाही. ‘विद्यापीठात देऊन टाकू या’ असं कुणीतरी म्हणतं, आणि ते योग्यच आहे. मात्र देण्याआधी घरचे लोक फार प्रेमाने एक काम करतात, आणि त्या कामाने रुमालाचं वाळवीपेक्षाही जास्त नुकसान होतं. ते कागद ‘लावतात’.

सीमाभागात ही लावालावी बहुतेक वेळा भाषेनुसार होते. मोडी एकीकडे, बाळबोध मराठी एकीकडे, कन्नड तिसरीकडे, इंग्रजी मुद्रांकाचे कागद चौथीकडे. दिसायला ढीग स्वच्छ होतात. आता गाठ सोडली तेव्हाचा क्रम कसा असतो ते बघा. वर कन्नडमधली शेतसाऱ्याची पावती. तिच्याखाली मामलेदाराला केलेल्या मराठी अर्जाची नक्कल. त्याच्याखाली मोडीतलं बांधाच्या भांडणाचं जबाबपत्र, आणि सगळ्यात तळाशी इंग्रजी शिक्क्याचा, कोर्टाच्या निकालाचा कागद. चार भाषा-लिप्यांमधले हे चार कागद एकाच वावराच्या एकाच वादाचे आहेत, आणि ते एकत्र आहेत हीच त्यांची सगळ्यात मोठी माहिती. पावतीवर वादाचा उल्लेख नसतो, जबाबात सर्व्हे नंबर नसतो. भाषेनुसार वाटणी झाली की ती जोडणी कायमची जाते. पुढे कितीही हुशार अभ्यासक आला तरी त्याला चार ढिगांत चार सुटे कागद मिळतात. या मुलखात एकच माणूस घरात मराठी बोलत होता, बाजारात कन्नड, कचेरीत जी चालेल ती. त्याचा रुमालही तसाच राहायला हवा.

ग्रंथालय आणि अभिलेखागार यांत खरा फरक इथेच आहे, आणि विद्यापीठाच्या आवारात दोन्ही एकाच इमारतीत असल्यामुळे तो पुष्कळदा पुसला जातो. ग्रंथालय पुस्तक घेतं आणि विषयानुसार लावतं. पुस्तक कुणाच्या घरून आलं याने त्याची जागा बदलत नाही. त्याच्या हजार प्रती छापलेल्या असतात. अभिलेखागारात येणारा कागद एकुलता एक असतो, आणि त्याची जागा ठरते तो कुणाच्या दप्तरातून आला यावरून. म्हणून ग्रंथालयात विषय विचारतात आणि अभिलेखागारात ‘कुणाचं दप्तर?’ हा पहिला प्रश्न असतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर बघायला बसलात तर मागणी अशीच उतरत्या क्रमाने करावी लागते: आधी दप्तराचा विभाग, म्हणजे रोजकीर्द, घडणी, शाहू दप्तर, प्रांत अजमास, पागा, जमाव यांपैकी कोणता, मग रुमाल क्रमांक, मग त्यातलं पुडकं, मग कागद. ‘बेळगावबद्दल काही आहे का?’ असं तिथे विचारून भागत नाही. बेळगावचा हिशेब ज्या कारकुनाने ज्या कारणासाठी लिहिला, त्या कारणाच्या रुमालात तो सापडतो.

ग्रंथालयाच्या विषयवारीचाही सीमाभागाला एक विशेष जाच आहे. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायच्या पद्धतीत, मराठी वाङ्मय ८९१.४६ ला आणि कन्नड वाङ्मय ८९४.८१४ ला. इथवर ठीक. इतिहासात मात्र महाराष्ट्र ९५४.७९२ आणि कर्नाटक ९५४.८७. बेळगावच्या इतिहासावर मराठीत लिहिलेलं पुस्तक कुठे जाईल? नियमाने ९५४.८७ ला, कारण गाव आज कर्नाटकात आहे. पण मुंबई इलाख्याच्या काळातल्या बेळगाव जिल्ह्याबद्दलचं पुस्तक एखादा वर्गीकरणकार इलाख्याकडे बघून ९५४.७९२ लाही टाकतो. मराठी नाटकमंडळ्यांचा या भागातला वावर आणखी तिसऱ्या कपाटात. म्हणजे शेल्फसमोर उभं राहून ‘इथे आपल्या भागाचं काहीच नाही’ असं वाटतं, तेव्हा बहुधा ते तीन मजल्यांवर विखुरलेलं असतं. यावर उपाय ग्रंथपालाच्या हातात आहे आणि तो फार स्वस्त आहे: पुस्तकाला क्रमांक एकच द्यावा लागतो, विषय-नोंदी मात्र हव्या तितक्या देता येतात. गावाचं नाव, तालुक्याचं नाव, संस्थानाचं नाव अशा तीन नोंदी वाढवायला पुस्तकामागे दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं न दिल्यामुळे पुढची पन्नास वर्षं पुस्तक असून नसल्यासारखं होतं.

आता दप्तरं कुठे कुठे आहेत ते पाहू. बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. सुरुवातीला हा सगळा भाग धारवाड जिल्ह्यात होता. १८३६ साली त्यातून बेळगाव जिल्हा वेगळा निघाला. म्हणजे १८१८ ते १८३६ या काळातला बेळगावचा महसुली कागद ‘धारवाड’ नावाखाली शोधायचा. १८१८ च्या आधीचा पुण्याला पेशवे दप्तरात, किंवा गाव करवीर संस्थानात असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात. रायबाग कोल्हापूरचं. शहापूर, जे आज बेळगाव शहराचाच भाग आहे आणि जिथे एक रस्ता ओलांडला की पोचता येतं, ते सांगली संस्थानचं होतं. त्यामुळे एकाच शहराच्या दोन पेठांचे कागद दोन वेगळ्या सरकारांचे आहेत. दक्षिणी संस्थानं १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. इलाख्याच्या सचिवालयाचा पत्रव्यवहार मुंबईला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरचा राज्यपातळीवरचा कागद बंगळूरला. आणि उलट बाजूने चंदगड: तो तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, मग कोल्हापूरला जोडला गेला. चंदगडच्या माणसाने आपल्या आजोबांच्या जमिनीचा १९४० चा कागद शोधताना बेळगावला विसरू नये.

तालुक्यांची नावंही बदललेली आहेत. जुन्या इंग्रजी कागदांत संपगाव तालुका म्हणून जो येतो, त्याची कचेरी बैलहोंगलला होती. ‘बैलहोंगल’ एवढंच शोधणाऱ्याला एकोणिसाव्या शतकातलं फारसं काही मिळत नाही. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड निघाला, तो पूर्ण बेळगाव जिल्ह्याचा आहे. कोणत्याही अभिलेखागारात जाण्याआधी त्यातलं आपल्या तालुक्याचं प्रकरण वाचून जावं. गावं तेव्हा कोणत्या नावाने, कोणत्या तालुक्यात होती हे एकदा कळलं, की मागणीच्या चिठ्ठ्या निम्म्या वाचतात.

विद्यापीठांचंही असंच. बेळगावातली जुनी महाविद्यालयं आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ स्थापन झालं, तेही आधी मुंबईतच, आणि १९५० ला धारवाडला आलं. तिथून पुढची साठ वर्षं इथल्या मराठीच्या अभ्यासकांचे प्रबंध धारवाडकडे गेले. बेळगावजवळच्या भुतरामहट्टीला कर्नाटक विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं, त्याचं २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं. इमारत तीच असली तरी त्याआधीच्या प्रबंधांची दाखल नोंद धारवाडची. पलीकडे कोल्हापूरला १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे आणि सीमाभागावरचं पुष्कळ काम तिथे झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमानंतर प्रबंधाची डिजिटल प्रत देणं बंधनकारक झालं, त्यामुळे अलीकडचे प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर घरबसल्या मिळतात. त्याआधीचे टंकलिखित प्रबंध बघायला त्या-त्या गावी जावंच लागतं. धारवाडला जाणं झालंच तर तिथली कन्नड संशोधन संस्थाही बघावी. ती १९३९ पासूनची आहे आणि आता विद्यापीठाचाच भाग आहे. मराठी वाचक तिकडे फार कमी वळतो, हे मला नेहमी खटकतं. शिलालेखांचा आपल्या गावाचा पुरावा कन्नडमध्ये असेल तर तो आपलाच पुरावा आहे.

कागद समोर आला की पुढची अडचण तारखेची. इथे घाई केली तर वर्षभराची चूक सहज होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत. म्हणून जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आधीच्या कागदाला ७९ मिळवायचे. ताळा करायला पानिपत घ्या. पौष शुद्ध ८, शके १६८२, विक्रमनाम संवत्सर. ७८ मिळवले तर १७६० येतात, आणि लढाई तर १४ जानेवारी १७६१ ला झाली. संवत्सराचं नाव कारकुनाने लिहिलंय म्हणून वगळू नये. साठ नावांचं ते चक्र आहे. शकाचा शेवटचा आकडा कसरीने खाल्ला असेल तर नावावरून तो परत उभा करता येतो. शके १७३? आणि पुढे ‘प्रजापति’ एवढंच वाचता आलं, तर ते १७३३ च, कारण त्या दशकात प्रजापति दुसऱ्या कोणत्याही वर्षी येत नाही.

पेशवाईतल्या आणि संस्थानी कागदांवर शकापेक्षा सुहूर सन जास्त दिसतो, आणि तो आकड्यांत नसून अरबी शब्दांत असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’: इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. एकूण ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास सुरू होतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत जानेवारीतलं, म्हणून ११६१ अधिक ६००. फसली, म्हणजे महसुली, सन दिला असेल तर तो सुहूरपेक्षा ९ ने जास्त असतो. तोही मृगालाच बदलतो. महिना बहुधा मुसलमानी, आणि तारखेआधी ‘छ’ हे अक्षर. नवशिक्याला ते नावाचं आद्याक्षर वाटतं. ते ‘चंद्र’चं आहे. ‘छ ७ जमादिलाखर’ म्हणजे त्या महिन्याचा सातवा चंद्र. चंद्र संध्याकाळी दिसतो आणि तारीख तिथून मोजतात, म्हणून जंत्रीतल्या तारखेशी एका दिवसाचा फरक पडला तर लगेच कागद खोटा ठरवू नये.

मोडी वाचनाबद्दल इथे फार लिहीत नाही. ते सरावानेच येतं. एवढंच सांगतो की मोडीत ऱ्हस्व-दीर्घ एकच, शब्दांमध्ये जागा नाही, आधी ओळभर शिरोरेषा ओढून तिला अक्षरं लटकवलेली. त्यामुळे अडतं ते अक्षरापेक्षा संक्षेपांशी. मौ॥ म्हणजे मौजे, क॥ म्हणजे कसबे, रा॥ म्हणजे राजश्री, त॥ म्हणजे तर्फ. असे दहा-पंधरा संक्षेप आणि आपल्या भागातली गावांची नावं एका चिठ्ठीवर लिहून समोर ठेवली, की निम्मं पान उलगडतं. गावांची नावं आधी माहीत असणं हा इथल्या माणसाचा मोठा फायदा आहे. पुण्यातला वाचक येळ्ळूर, बेनकनहळ्ळी, अनगोळ यांच्यापाशी अडखळतो.

आता पाऊस. खानापूरच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर जो पाऊस पडतो त्याने माळ्यावरचं सगळंच ओलं होतं, आणि बेळगावातही जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता नव्वदीच्या घरात असते. कागदाला ४५ ते ५५ टक्के मानवते. ६५ च्या वर काही दिवस सलग गेले की बुरशी धरते. विद्यापीठात वातानुकूलन असतं म्हणून आपण निश्चिंत होतो, पण यंत्र दिवसा दहा ते पाच चालवून रात्री बंद केलं, तर न चालवण्यापेक्षा वाईट. दिवसभर पुठ्ठे थंड होतात, रात्री दमट हवा आत येते आणि गार झालेल्या पुठ्ठ्यांवर पाणी धरते, थंड तांब्यावर धरतं तसं. रोज हा चढउतार झाला की बांधणीचा सरस सुटतो आणि कापड वर येतं. चोवीस तास यंत्र परवडत नसेल तर ते नसलेलं बरं. त्याऐवजी कपाटं भिंतीपासून वीतभर लांब, खालचा खण जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर, समोरासमोरच्या खिडक्या कोरड्या दुपारी उघड्या आणि पावसात बंद, पंखे चालू, आणि खोलीत शंभर-दोनशे रुपयांचा का होईना आर्द्रतामापक. लोखंडी कपाट घट्ट बंद ठेवणं हीसुद्धा एक चूकच. आतली दमट हवा आतच राहते.

डांबराच्या गोळ्यांवर आपला फार विश्वास. त्यांनी कसर थोडी लांब राहते, बुरशीला त्यांचा काहीही त्रास होत नाही, आणि बंद खोलीत रोज बसणाऱ्या कर्मचाऱ्याच्या फुप्फुसांना होतो. वेखंड आणि कडुलिंबाचा पाला कापडात बांधून ठेवायची जुनी पद्धत निरुपद्रवी आहे. पाला मात्र पूर्ण वाळलेला हवा आणि कागदाला लागू नये, नाहीतर डाग पडतो. नव्याने आलेला रुमाल सरळ जुन्या संग्रहात ठेवू नये. आधी वेगळ्या खोलीत महिनाभर, पांढऱ्या कागदावर. खाली पिवळसर भुकटी पडलेली दिसली की आत किडा जिवंत आहे. तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करून उणे २० अंशाच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता दिवसभर खोलीच्या तापमानाला. पिशवी लगेच उघडली तर दव थेट कागदावर बसतं.

सगळ्यात जास्त नुकसान प्रेमाने केलेल्या दुरुस्तीने होतं. फाटक्या घडीवर चिकटपट्टी लावतात. काही वर्षांत तिचा डिंक तपकिरी होऊन कागदात उतरतो, पट्टी सुटून पडते आणि डाग राहतो. तो डाग अक्षरासकट राहतो. त्याहून वाईट म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातलं लॅमिनेशन. गरम रुळांतून प्लास्टिक वितळून कागदाच्या धाग्यांत शिरतं आणि ते परत काढता येत नाही. सनद जपायची म्हणून चौकटीतल्या फोटोसारखी लॅमिनेट केलेली असते, आणि तिथून पुढे तिच्यावर कोणतीच प्रक्रिया करता येत नाही. दुरुस्ती करायचीच तर ती परत सोडवता येईल अशीच हवी: गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि पातळ जपानी टिश्यू. खळ बाजारी नको, तिच्यात तुरटी किंवा मोरचूद असतो. घरी दुरुस्ती करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फाटलेला कागद फाटलेला ठेवून पाकिटात घालावा. टाचण्या आणि गंजलेल्या पिना मात्र काढाव्यात. ओढून नाही, दोन्ही टोकं पातळ पट्टीने उचलून.

हातकागद टिकतो, छापील वर्तमानपत्र टिकत नाही. पेशव्यांच्या काळचा चिंध्यांच्या लगद्याचा कागद आजही वळतो, आणि १९५० च्या दशकातला वर्तमानपत्राचा अंक घडीवर बोट ठेवलं तरी तुटतो. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन आणि आम्ल त्याला आतून खातं. १९१९ साली बाबूराव ठाकुरांनी बेळगावात सुरू केलेल्या ‘तरुण भारत’सारख्या पत्रांचे जुने अंक असेच आहेत. १९१६ ची बेळगावातली होमरूल लीगची स्थापना, १९२४ चं गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेस अधिवेशन, १९४६ च्या साहित्य संमेलनातला संयुक्त महाराष्ट्राचा ठराव, यांचं त्या-त्या आठवड्यातलं वर्णन असल्याच कागदावर आहे. म्हणून स्कॅनिंगची रांग लावताना मोडी कागद आधी घ्यायचा मोह होतो, तो आवरून वर्तमानपत्रं आधी घ्यावीत. मोडी आणखी शंभर वर्षं थांबेल.

पूर आला तर मात्र थांबायला वेळ नसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा सगळ्याच चढल्या आणि जिल्ह्यातली कितीतरी घरं पाण्यात गेली. भिजलेल्या कागदावर बुरशी धरायला ४८ तास पुरतात. पहिलं काम म्हणजे पुस्तक उघडायचं नाही. चिखल स्वच्छ पाण्यात बंद अवस्थेतच धुवायचा. मोडी कागद धुवायचा नाही, शाई जाईल. पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी किंचित पसरायची, दर दहा-पंधरा पानांनी कोरा टीपकागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. ऊन नको, इस्त्री नको, फक्त पंखा. गुळगुळीत आर्ट पेपरचं पुस्तक वाळताना चिकटून वीट होतं, त्यामुळे ते सगळ्यांत आधी घ्यावं. दोन दिवसांत आटोपणार नाही इतकं भिजलं असेल तर पिशव्यांत भरून गोठवावं, आणि मग सवडीने थोडं थोडं काढून वाळवावं. मासळीच्या किंवा आइस्क्रीमच्या शीतगृहातसुद्धा हे होतं.

ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत, शोधताना एका शब्दावर विसंबू नये. बेळगाव, बेळगांव, बेळगावी, आणि रोमनमधलं जुनं स्पेलिंग, नवं स्पेलिंग. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. निपाणी-निप्पाणी, चिकोडी-चिक्कोडी. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांवर न उच्चारले जाणारे अनुस्वार आहेत: नांव, गांव, कांहीं. संगणकाला नाव आणि नांव हे दोन शब्द वाटतात. खुणा न वापरलेल्या रोमन नोंदींत ‘ळ’ला वेगळं अक्षर नसतं, त्यामुळे काळे आणि काले एक होऊन बसतात. प्रत्येक शोध किमान चार रूपांत करावा, आणि तरीही नाही मिळालं तर दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने लिहिलेली वही, मागावी. जाड पुठ्ठ्याची, हाताने भरलेली ती वही संगणकाच्या नोंदींपेक्षा पुष्कळदा पूर्ण असते, आणि दाखल क्रमांक एकदा दिला की पुन्हा वापरत नाहीत, म्हणून हरवलेल्या पुस्तकाचीही खूण तिथे राहते.

स्कॅनिंगचं गणित थोडक्यात. ए-४ पान, ३०० डीपीआय, रंगीत, न दाबलेली टिफ फाइल: साधारण २५ एमबी. दहा हजार पानांना २५० जीबी. ६०० डीपीआयला ते चौपट. छापील मजकुराला ३०० पुरतं. बारीक मोडी आणि शिक्क्यांना ६०० द्यावं. काळं-पांढरं करू नये, शिक्क्याची शाई आणि कागदाचा रंग हीही माहितीच आहे. मागची बाजू कोरी वाटली तरी घ्यावी. लांब मोडी कागद एकाला एक बंद, म्हणजे कागदाचे तुकडे, चिकटवून केलेले असतात आणि जोडाच्या पाठीमागे शिक्का असतो. तो शिक्का अखंड असेल तरच मधला बंद बदललेला नाही असं म्हणता येतं. फाइलला नाव देताना रुमाल, पुडकं, कागद, बाजू हा क्रम सोडू नये. प्रती तीन, त्यांतली एक दुसऱ्या गावी.

आणि देताना काय करावं? विद्यापीठाकडे जाताना एक दानपत्र करून घ्यावं. त्यात कागद दान दिले की फक्त ठेवायला दिले, वाचकांना केव्हापासून दाखवायचे, प्रती काढू द्यायच्या का, घरच्यांना स्कॅनची प्रत मिळणार का, आणि पुढे संस्थेला नको झाले तर ते कुणाकडे जातील, एवढं स्पष्ट लिहिलेलं असावं. शेवटचा मुद्दा लोक संकोचाने वगळतात. वगळू नये. बराच काळ कुणी न मागितलेलं मराठी साहित्य निष्कासनाच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या, यादीत सगळ्यांत आधी जातं, आणि मराठी वाचक कमी असलेल्या आवारात ते अधिकच लवकर होतं. रुमाल ताब्यात घेणाऱ्या विभागात मोडी वाचणारं कुणी आहे का, हेही विचारावं; नसेल तर यादी आपणच करून द्यावी.

ती यादी गाठ सोडताना करायची, सोडल्यावर नाही. आधी बंद रुमालाचा फोटो, चारी बाजूंनी. मग पेन्सिलीने एका चिठ्ठीवर: घर, गाव, तालुका, कोणत्या खोलीत होता, कुणी बांधला असं घरातले सांगतात, शेजारी आणखी काय होतं. फक्त पेन्सिल, कारण पेनची शाई पाणी लागलं की पसरते. मग वरून एकेक कागद उचलून डाव्या हाताला पालथा ठेवत जायचं, प्रत्येकाला कोपऱ्यात बारीक क्रमांक, लिप्या कितीही मिसळलेल्या असल्या तरी. तळाशी पोचल्यावर गठ्ठा उलटला की मूळ क्रम परत येतो. जुना खारवा टाकून द्यायचा नाही. त्याच्यावर कुणीतरी काळ्या शाईने गावाचं नाव घातलेलं असू शकतं. मात्र ओला झाला तर त्याचा लाल रंग उतरतो, म्हणून कागद धुतलेल्या मांजरपाटात बांधायचे, खारव्याची घडी वेगळ्या पाकिटात, त्याच क्रमांकाने. मांजरपाट चौकोनी घ्यायचा, समोरासमोरची दोन टोकं आधी आत दुमडायची, उरलेली दोन वर आणून सैल गाठ मारायची. गाठ वरच्या बाजूला, आणि चिठ्ठी गाठीखाली.